कोऱ्या कापडावरचा रणगाडा

नगरला लोक नात्यातल्या लग्नाला जातात, नाहीतर शिर्डीच्या वाटेवर चहापुरते उतरतात. आम्ही दोघं गेलो होतो एका रणगाड्याचं माप घ्यायला. हे ऐकलं की भिवंडीत अजूनही लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी भिवंडीच्या टेमघरला राहतो आणि शाळेत चित्रकला शिकवतो. मला रणगाड्यांच्या प्रतिकृती करायचं वेड आहे. मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात परदेशी डबे मिळतात. डब्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात, ते चिकटवले की खऱ्याच्या पस्तीसपट लहान रणगाडा उभा राहतो. वर्षाला एखादा डबा परवडायचा. नव्वद साल उलटेपर्यंत माझ्या काचेच्या कपाटात टायगर, पँथर, शर्मन असे सात-आठ जण जमले होते. माझी बायको सुमन त्यांना 'परदेशी पाहुणे' म्हणते आणि त्यांच्यावरची धूळ मात्र मलाच पुसायला लावते.

जवळच्या अंजूर गावचे धर्मादादा दर हिवाळ्यात आमच्याकडे नव्या तांदळाचं पोतं आणून देत. ते लष्करातून निवृत्त झालेत एवढंच मला ठाऊक होतं. त्या वर्षी पोतं टेकवून ते कपाटापाशी गेले, कुलपाच्या भोकातून बघावं तसा चेहरा काचेला लावला आणि एकेक रणगाडा निरखून म्हणाले, "माजी गारी कुठं हाय याच्यात?"

रणगाड्याला ते कायम गाडीच म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ती 'गारी' होत असे. दादा विजयंता चालवत होते. मद्रासजवळ आवडीला बनलेला, आपल्या देशात तयार झालेला पहिला रणगाडा. मी म्हटलं, "दादा, विजयंताचा डबा निघतच नाही."

"आपल्या देशाची गारी, आनि डबा न्हाय? कसा काय?"

जो जर्मन रणगाडा कधी धड लढाईलाही उतरला नाही त्याचा डबा दुकानात होता. आमच्या विजयंताने वाळवंटात इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, तर त्याच्यासाठी कोणी एक साचा पाडायला तयार नाही. मला फार लाज वाटली, जणू तो डबा मीच दडवून ठेवला होता.

मग कळलं की दादांना काचबिंदू झालाय. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. कडेचं सगळं गेलं होतं, समोर नळीतून दिसावं तेवढंच उरलं होतं, आणि तेही फार दिवस टिकणार नव्हतं. मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो तर दादा हसले.

"मना सवय हाय, मास्तर. गारीत बी फटीतूनच बघायचो. ही फट मिटायच्या आदी तिला एकदा बघायची. मंग मिटली तरी चालंल, पन हातात धराया एक पायजे. खरी. चुकीची नको."

मी म्हटलं, पुठ्ठ्याची मी करतो. तोंडातून निघून गेलं खरं, पण करायची कशावरून? माझ्याकडे विजयंताचे दोन धूसर फोटो होते, तेही वर्तमानपत्रातले. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय उघडलंय आणि तिथे तो उभा आहे असं ऐकलं होतं. मी शनिवारची रजा टाकली.

माळशेजच्या वर

आमच्या शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले जॉबर रशीदभाई, म्हणजे लूम बिघडला की ज्यांच्या नावाने हाका सुरू होतात ते, निघताना एक गठ्ठा घेऊन आले. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा दहा मीटरचा डागी तुकडा होता. "बस की सीट सख़्त रहती है, मास्टर. चाचा के नीचे डाल देना." खळीने ते कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. दादांनी घडी घालून बैठक केली आणि कल्याण सुटायच्या आत डोळे मिटले.

घाट चढताना मी त्यांना उठवलं. उजवीकडे कडा सरळ आभाळात गेला होता. दादांनी मान हळूहळू खालून वर नेली. आपण एका नजरेत घेतो तो कडा ते तुकड्यातुकड्याने वाचत होते. पुरा वाचायला तीन वळणं लागली. मग म्हणाले, "मोटा हाय." मी घाट चार वेळा पाहिला होता, पण त्या दिवशी मीही मान खालून वर नेऊन बघितला आणि खरंच, मला तो आधी दिसलाच नव्हता.

नगर, शनिवार संध्याकाळ

नगरची हवा कोरडी. आमच्या खाडीकाठी मीठ उघडं ठेवलं तर त्याला पाणी सुटतं, इथे ओठ फुटतात. खानावळीच्या मावशींनी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि हिरवा ठेचा वाढला. दादा जन्मभर तांदळाच्या भाकरीवरचे. त्यांनी बाजरीच्या भाकरीकडे संशयाने बघितलं आणि पिशवीतून सुकटीच्या चटणीची डबी काढली. झाकण उघडताच अख्खी खानावळ आमच्याकडे वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी कमरेवर हात ठेवून आल्या. "काय हाय त्यात?"

"सुकट," दादा म्हणाले. "अंजूरची."

"मग एकट्यानीच खानार व्हय?"

त्यांनी चमचाभर सुकट घेतली आणि बदल्यात दादांच्या ताटात ठेच्याचा गोळा ठेवला. दादांनी तो एका घासात घेतला. पुढची पाच मिनिटं ते पाणी पीत होते आणि मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या.

सकाळी मला जाग आली ती शांततेने. घरी लूमची खटखट दिवसरात्र चालू असते, ती आपण ऐकतो हेही आपल्याला कळत नाही. इथे तिच्याशिवाय लॉजची खोली रिकामी वाटत होती. दादा केव्हाच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर ताठ बसले होते. तरुणपणी रणगाडा चालवायला ते याच गावात शिकले होते.

नगर, रविवार

फाटकावरचा हवालदार साताऱ्याकडचा होता. माझ्या पिशवीतला कॅमेरा आणि स्टीलची टेप बघून त्याने दोन्ही टेबलावर काढून ठेवलं. "मोजायचं असंल तर अर्ज लागतो, सायबाची सही लागती. उद्या या."

उद्या सोमवार, माझी शाळा. मी गयावया करायला लागलो. दादांनी मला बाजूला सारलं आणि आपल्या सेवेची वर्षं, हुद्दा, गाडी असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांचा आवाजच बदलला होता. हवालदार उभा राहिला. दादांच्या काखेतल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ह्ये काय?"

"कापर."

हवालदाराने थोडा विचार केला. "टेप आत न्यायची न्हाई. कापडाबद्दल मला कुणी सांगितल्यालं न्हाई."

आत पाऊल टाकलं आणि मी फाटकातच थबकलो. बागेत, झाडांखाली, फुलांच्या वाफ्यांच्या मधे रणगाडे उभे होते. इतकी वर्षं ज्यांना मी चिमट्याने उचलत होतो ते आता माझ्या डोक्याच्या वर होते. व्हॅलेंटाइन नावाच्या रणगाड्याच्या एकेका बोल्टवर माझा अंगठा पुरा पडेना. एक बुटका जपानी रणगाडा होता, अंगभर रिव्हेटा, आत माणसं बसत कशी असतील कोण जाणे. आणि आर्चर! त्याची तोफ मागे तोंड करून असते. मारा करायचा तर शत्रूकडे पाठ करून उभं राहायचं, आणि तोफ सुटताना चालकाने जागेवरून उठायचं, नाहीतर मागे येणारी तोफ त्यालाच घेणार. दादांना हे सांगितलं तर त्यांनी त्या चालकासाठी चुकचुक केलं. अशांचे डबे निघायला हवेत असं मी मोठ्याने म्हणालो. जो तो टायगरच्या मागे लागतो, आणि इतकं डोकं लढवून केलेली ही यंत्रं वाफ्यात उभी आहेत, त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. मला तेव्हा खरंच गहिवरून आलं होतं.

"माजी?" दादांनी विचारलं.

ती शेवटी, कडुलिंबाखाली होती. मी दादांचा हात धरून नेत होतो, पण दहा पावलांवर त्यांनी तो सोडवून घेतला. उन्हाने तापलेल्या लोखंडाला आणि जुन्या रंगाला एक वास असतो, तो बहुतेक त्यांना माझ्या आधी आला. ते पुढच्या पत्र्यापाशी गेले आणि दोन्ही तळहात टेकवून उभे राहिले. मग बोटांनी चढत चढत उजव्या अंगाचं चालकाचं झाकण शोधून काढलं.

"हितं मी. डाव्या मांडीशी तोफेचं गोळं. वर सायेब." त्यांनी झाकणाची कड धरून उचललं. ते हललं नाही. संग्रहालयात ठेवताना ते वेल्डिंग करून बंद केलेलं होतं. दादांनी बोटांच्या पेरांनी त्यावर तीनदा टकटक केलं, थोडं थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी भायेरच रायलू."

मी कापड उलगडायला घेतलं.

"थांब," दादा म्हणाले. "धुतल्याबिगर गारीला हात लावायचा न्हाय."

माळ्याची बादली आली. दादांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि गाडीची एक बाजू सबंध धुतली, चाकंसुद्धा. आम्ही ओल्या लोखंडावर कापडाची लांबी गाडीच्या लांबीला धरून ते लावलं, तर ते अंगाला चिकटूनच बसलं. खालच्या कडा, चाकं, बिजागऱ्या, सगळं वर उमटलं. माझ्या खिशात शाळेचे तेलखडू होते. लाल खडूने बाजू घासून घेतली, मग कापड वर नेऊन निळ्याने माथा. दादा एक टोक धरून उभे. तासाभरात विजयंता अंगाएवढी कापडावर उतरली. टेप अडवली तरी माझं काही अडलं नाही, याचा मला एवढा अभिमान वाटला की निघताना मी हवालदाराला सलाम ठोकला. त्याने तो दादांना परत केला.

कापड लॉजच्या गच्चीवर वाळत घातलं. नगरच्या वाऱ्यात ते बघता बघता वाळलं. घडी करून आम्ही दुपारची एसटी पकडली.

परत टेमघर

लूमच्या कारखान्यात वस्तूंना तोटा नाही. सूत गुंडाळलेल्या कोनांचे पुठ्ठ्याचे खोके अंगासाठी, चामडी पट्ट्याचे तुकडे साखळीच्या पट्ट्यासाठी, धाग्याच्या मोडक्या लाकडी कांड्या कापून चाकं. रोज शाळेतून आलो की कापडावर मोजायचं, पस्तिसाने भागायचं आणि पुठ्ठा कापायचा. सुमनला पंधरा दिवस जेवायला जमिनीवर बसावं लागलं, कारण टेबल आवडीच्या कारखान्याला दिलं होतं.

एक गोष्ट खटकली होती. कापडावरची चाकं नीट गोल नव्हती, किंचित उभट, अंड्यासारखी दिसत होती. मला वाटलं, दादांनी टोक ढिलं धरलं असणार. मी उंचीवरून माप धरून गोल चाकं कापली. मग एका बाजूला सहा चाकं बसेनात. पाच बसायची, सहावं बाहेर. मी प्रत्येक चाक कानशीने थोडं थोडं घासलं आणि दाटीवाटीने सहाही बसवली. कोणाला कळणार आहे, असं मनात म्हणालो. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

शिवरात्रीच्या सुमारास रिक्षाने अंजूरला गेलो. तिथे शेतांच्या कडेने तेव्हा गोदामांचे पाये पडायला लागले होते. दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडी मांडीवर घेतली आणि समोर न बघता बोटं फिरवायला सुरुवात केली. घुमट, तोफ, झाकण. चेहरा खुलत चालला होता. मग बोटं चाकांपाशी गेली आणि थांबली. त्यांनी काडेपेटी मागितली, एक काडी काढली आणि दोन चाकांच्या मधे घालून बघितली. जाईना. पुढच्या दोनांत बघितली. तिथेही नाही.

"मास्तर, राजस्थानात चिखल न्हाय, पन पंजाबात लय. चाकांच्या मदे पहार घालून आमी चिखल काढायचो. हितं पहार कुठनं घालू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. ज्या माणसाला काचेला चेहरा लावून बघावं लागत होतं त्याला पस्तीसपट लहान केलेली चार-दोन इंचांची लबाडी बोटाने दिसली. मी अक्षरशः थक्क झालो. "दादा, मी चाकं घासली," मी कबूल केलं. "बसत नव्हती."

"गारीत चाका बसत न्हाय असा व्हयाचं न्हाय," ते म्हणाले. "गारीच तोकरी जाली आसंल." आणि गाडी माझ्या हातात परत दिली.

गाडीचं माप कापडावरून आलं होतं, म्हणून मी ती आणि घरून कापड घेऊन तडक रशीदभाईंकडे गेलो. लूम चालू होते, त्यामुळे आम्ही ओरडूनच बोललो. त्यांनी कापड नुसतं दोन बोटांत चोळलं आणि कपाळावर हात मारला.

"मास्टर! कोरे माल को पानी दिखा दिया?"

मग समजावून सांगितलं. लूमवर उभा धागा, म्हणजे ताणा, ओढून ताठ बसवलेला असतो आणि त्यावर खळ चढवलेली असते. पहिलं पाणी लागलं की खळ जाते आणि ओढलेला धागा मागे येतो. कापड लांबीत आकसतं, रुंदीत फारसं नाही. मी लांबी गाडीच्या लांबीला धरली होती. तीस वर्षं कापडाच्या गावात राहून मला हे माहीत नव्हतं. पण आमच्या गल्लीत कापड विणतात, धूत कोणी नाही. कोऱ्याच ताक्यांचे ट्रक भरतात आणि त्यांना पहिलं पाणी कुठल्या तरी दुसऱ्या गावात लागतं. मी मात्र उगाच दादांच्या हाताला दोष देऊन बसलो होतो.

"अब?" मी विचारलं. परत नगरला जायचं तर मेपर्यंत रजा नव्हती, आणि दादांची फट तोवर थांबणार नव्हती.

रशीदभाईंनी माळ्यावरून एक तुकडा ओढून काढला. "उसी थान का है. साबुत." त्याच ताक्याचा, पाणी न लागलेला. त्यांनी त्यातून बरोबर एक मीटर कापला, कडेने खुणा केल्या, बादलीत बुडवला, पंख्याखाली वाळवला आणि पुन्हा मोजला. मीटरमागे जेवढा आकसला तेवढं माझ्या लांबीच्या प्रत्येक मापात परत घालायचं. मी तिथेच, सुताच्या पेटीवर बसून, पहिल्या चाकावर हिशोब करून बघितला. कापडावरचं अंडं गोल झालं! मी ओरडलो, तसे चार लूमवाले काय झालं म्हणून धावत आले. रशीदभाईंना यात काही विशेष वाटलं नाही, त्यांचा लूम बंद पडला होता म्हणून ते उठून गेले.

अंजूर, होळीनंतर

दुसरी गाडी करायला महिना लागला. या वेळी एकही चाक घासलं नाही, सहाही आपापल्या अंतरावर बसली. आणि एक गोष्ट मी मापाबाहेरची केली. नगरच्या गाडीवर जी नव्हती, ती.

दादांना तोवर नुसता उजेड कळत होता. दार उघडलं की 'कोन?' विचारायचे. मी "मास्तर" म्हणालो आणि गाडी मांडीवर ठेवली. त्यांची सून पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात तसाच धरून दारात उभी राहिली.

दादांनी आधी काडेपेटी मागितली. काडी पहिल्या दोन चाकांच्या मधून आरपार गेली. दुसऱ्या, तिसऱ्या, शेवटच्या. एका बाजूचं झालं, मग गाडी फिरवून दुसऱ्या बाजूचं. काडी बाजूला ठेवून बोटं हळूहळू पुढच्या पत्र्यावर चढली, उजव्या अंगाच्या झाकणापाशी आली आणि थांबली. दादांनी त्यावर नखाने तीनदा टकटक केलं. मग झाकणाची कड चाचपली आणि नख खाली घातलं.

झाकण उघडलं. सुताच्या बिजागरीवर मी ते मोकळं ठेवलं होतं.

दादांनी करंगळीचं टोक आत घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी झाकण लावायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे उगडा," ते म्हणाले. "मी आत हाय."

गाडी त्यांच्या घरी देवळीशेजारच्या फळीवर आहे. सून रोज फळी पुसते, गाडीभोवतून पुसते, आणि झाकण लावत नाही. आत धूळ जाते. धुळीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, पण तिथे गेलो की मीही ते झाकण तसंच उघडं राहू देतो.